पोलोचा घोडा भाड्यानं घ्यायचा तर किती पडतात? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी कोल्हापूरचा. पोलो खेळतो म्हणजे काय, सीझनला महिन्यातनं दोनदा पुण्या-मुंबईकडं जायचं, दोन-दोन चकरा (खेळाचे छोटे डाव, तिसऱ्या प्रश्नात येतंय) खेळायच्या आणि रात्री परत. पण एवढ्यावरनं सुद्धा लग्नात, तालमीत, तांबडा-पांढऱ्याच्या पंगतीत लोक तेच तेच विचारतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न पैशाचा. व्हॉट्सअॅपवर एकच उत्तर दहा जणांना टाइप करून बोटं झिजली म्हणून एकदाच सगळं इथं लिहिलंय.

१. घोडा भाड्यानं घेतला की नेमकं काय मिळतं?

खोगीर-लगाम चढवलेला, पायांना बँडेज बांधलेला, शेपटी गुंडाळून आवळलेला घोडा आणि त्याच्यासोबत त्याचा मोतद्दार, म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस. शेपटी बांधतात आणि अयाळ भादरतात ते फॅशन म्हणून नाही, स्टिक फिरवताना केसात अडकू नये म्हणून. हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड आणि स्टिक तुमची. स्टिक मात्र घाईनं विकत घेऊ नका, कारण तिची लांबी घोड्याच्या उंचीवर ठरते, ५१ इंची, ५२, ५३ अशी, आणि भाड्याचा घोडा दर वेळी वेगळा मिळाला की तुमची एकुलती एक स्टिक कधी आखूड पडते कधी जमीन खणते. मोतद्दाराला बक्षिसी वेगळी द्यायची. कुठं लिहिलेलं नसतं पण द्यायचीच.

२. पोलोच्या घोड्याला "पोनी" म्हणतात, म्हणजे तट्टूच ना? मग स्वस्त असायला पाहिजे.

नाव तेवढं राहिलंय. पूर्वी उंचीवर मर्यादा होती, ती जाऊन शंभर वर्षं झाली. आता खेळतात ते पूर्ण वाढीचे घोडे असतात, साधारण साडेचौदा ते साडेपंधरा हँडचे (हँड म्हणजे ४ इंच, आपला कोपरापासनं मोजायचा हात नव्हे, एकानं तसा हिशोब करून मला घोडा हत्तीएवढा असतो का विचारलं होतं). आपल्याकडं बरेचसे रेसमधनं निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे असतात. त्यातही घोड्या जास्त पसंत करतात. खरं तट्टू बघायचं तर मणिपूरला जावं लागतं, आजचा पोलो इंग्रजांनी तिथनंच उचलला.

३. दर तासावर का नाही, चकरेवर का?

कारण खेळ चकरांमध्ये मोडलेला असतो. एक चक्कर ७ मिनिटांची, घंटा झाल्यावर बॉल चालूच असला तर अजून अर्धा मिनिट. (इंग्रजीतलं "चकर" आपल्याच चक्करवरनं गेलंय.) ७ मिनिटं ऐकून लोक हसतात, अहो एवढ्यात घोडा कितीसा दमणार. बघा मग एकदा. भरधाव जायचं, जागेवर थांबायचं, उलटं वळायचं, परत भरधाव, वर दुसऱ्या घोड्याची खांद्याला टक्कर. चक्कर संपून घोडा बाहेर आला की पोटाखालनं घामाची धार लागलेली असते आणि नाकपुड्या रुपयाएवढ्या उघडलेल्या. तुम्ही त्या ७ मिनिटांचे पैसे देत नाही, असली ७ मिनिटं झेपावीत म्हणून वर्षभर जे चाललेलं असतं त्याचे देता. हिशोब पाचव्या प्रश्नात.

४. एका मॅचला किती घोडे लागतात?

साध्या मॅच ४ चकरांच्या असतात, मोठ्या ६ च्या. एका दिवसात एका घोड्याला २ चकरांपेक्षा जास्त खेळवत नाहीत, आणि त्या दोन्ही लागोपाठ नाहीत, मधे किमान एक चक्कर विश्रांती. म्हणजे ४ चकरांच्या मॅचला कमीत कमी २ घोडे, आणि एखादा ऐन वेळी लंगडला तर म्हणून तिसरा हाताशी. मोठे प्लेअर प्रत्येक चकरेला नवा घोडा काढतात. तुम्ही नवीन असाल तर प्रॅक्टिसला १ घोडा आणि २ चकरा बास, तिसऱ्या चकरेला घोडा नाही तुम्हीच लंगडाल.

५. आकडा सांगा की राव. एका चकरेचे किती?

परदेशातलं सांगायचं तर इंग्लंडमध्ये साध्या क्लब चकरेला शंभर पौंडांच्या आसपास, अमेरिकेत शंभर डॉलरपासनं पुढं. आपल्याकडं दर सीझनला, गावाप्रमाणं आणि घोड्याप्रमाणं बदलतो, म्हणून दरापेक्षा तो बनतो कसा हे समजून घ्या म्हणजे कुणी काहीही सांगितलं तरी फसणार नाही.

खालचे आकडे समजण्यापुरते धरलेत, कुणाचं रेटकार्ड नाही. समजा चंदी (घोड्याचा दाणा) आणि चारा दिवसाला ५०० रुपये, म्हणजे महिन्याला १५,०००. एक मोतद्दार दोन-तीन घोडे बघतो, तर त्याच्या पगारातला एका घोड्याचा वाटा ६,०००. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी बदलायच्या, महिन्याला २,००० धरा. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, डॉक्टरची एखादी व्हिजिट, अजून २,०००. झाले २५,०००. घोडा खेळणार ४ महिने, पण खाणार १२ महिने. म्हणजे वर्षाला ३ लाख. आता ४ महिन्यांत १६ आठवडे, आठवड्याला ४ चकरा, त्यातले एक-दोन दिवस पावसानं किंवा नाल निघाल्यानं गेले, राहिल्या ६० चकरा. ३ लाख भागिले ६० म्हणजे चकरेला ५,००० रुपये मालकाला नुसता खर्च भरून निघायलाच पाहिजेत. अजून घोड्याची किंमत, तबेल्याचं भाडं, त्याचा नफा यातलं काही धरलेलंच नाही.

म्हणून कुणी फारच स्वस्त चक्कर देत असेल तर खूश होण्याआधी बघा की तो कशात कापतोय. बहुतेक वेळा चंदीत नाहीतर विश्रांतीत.

मॅचचा दर प्रॅक्टिसपेक्षा जास्त असतो. आणि गंमत म्हणजे नवशिक्याला लागतो तो शांत, म्हातारा, सगळं पाठ असलेला वस्ताद घोडा, ज्याला तुम्ही चुकीचा इशारा दिला तरी तो बरोबर बॉलकडं जातो. विकत घ्यायला गेलं तर वयामुळं त्याची किंमत कमी, पण भाडं बऱ्याचदा तरण्या घोड्यापेक्षा जास्त. मला ते योग्यच वाटतं.

६. भाडं आणि लीज यात फरक काय?

गावाकडं शेळी अर्धलीनं देतात माहीत आहे ना, शेळी मालकाची, सांभाळणार तुम्ही, करडात वाटा. लीज त्याच जातीचं प्रकरण, फक्त करडं नाहीत. भाडं म्हणजे चकरेपुरतं, खेळलात, पैसे दिलेत, विषय संपला. लीज म्हणजे घोडा सीझनभर किंवा वर्षभर तुमच्या ताब्यात. एक ठोक रक्कम मालकाला आणि वर रोजचा खर्च तुमचा. एक तिसरा प्रकार पण आहे, ठोक रक्कम शून्य, फक्त सांभाळा आणि खेळा. लोकांना वाटतं लॉटरी लागली. फुकटचा घोडा महिन्याला तेवढंच खातो.

७. मग लीज परवडतं कधी?

पाचव्या प्रश्नातलेच समजा-आकडे पुढं नेऊ. सीझनचं लीज दीड लाख, ४ महिन्यांचा खर्च १ लाख, एकूण अडीच लाख. चकरेचा दर ७,००० धरला तर अडीच लाखात साधारण ३६ चकरा येतात. म्हणजे सीझनला ३६ पेक्षा जास्त खेळणार असाल तरच लीजचा विचार. आता माझ्यासारखा कोल्हापूरचा माणूस महिन्यातनं दोनदा जाणार, दर वेळी २ चकरा, ४ महिन्यांत १६. १६ गुणिले ७,००० म्हणजे १ लाख १२ हजार. अडीच लाख कुठं आणि हे कुठं. तरी मी एकदा लीज घेतलंच, कारण स्वतःचा घोडा म्हणायची हौस. त्याचं पुढं नवव्यात येतंय.

८. लीजमध्ये चारा, नालबंद, डॉक्टर कोण देणार?

कागदावर ज्याचं नाव लिहिलंय तो. रिवाज असा की रोजचं सगळं म्हणजे चंदी, चारा, नाल, मोतद्दार, जंताचं औषध हे घेणाऱ्याचं, आणि जुनं दुखणं मालकाचं. भांडण होतं ते मधल्या गोष्टींवर. दात घासायला डॉक्टर आला (घोड्याचे दात वाढतात, कानशीनं घासावे लागतात) तर ते रोजचं की मालकाचं? म्हणून ५०० च्या बाँडवर लिहून घ्या आणि त्यात हे हवंच: आठवड्याला जास्तीत जास्त किती चकरा, वर कोण बसणार आणि दुसऱ्याला देता येईल का, कुठल्या तारखेला घोडा परत, आणि सीझन संपल्यापासनं तो परत जाईपर्यंतचं खाणं कुणाचं. शेवटचं कलम सगळ्यात महाग पडतं. आम्ही ते लिहिलं नव्हतं, मार्चला खेळ संपला, मालक म्हणाले "राहू दे की तुमच्याकडंच थोडे दिवस, जागा नाही माझ्याकडं", ते थोडे दिवस जूनपर्यंत चालले आणि घोडी आमच्या पैशानं निवांत उभी.

९. घोडा माझ्या ताब्यात असताना लंगडला तर?

हा खरा प्रश्न, आणि दहातले नऊ जण हा विचारतच नाहीत.

मी आणि एका मित्रानं मिळून एक घोडी सीझनला घेतली होती, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं आमच्या दोघांपेक्षा शहाणी. तिसऱ्या आठवड्यात सकाळी मोतद्दारानं फोन करून बोलावून घेतलं. तो रोज चंदी घालायच्या आधी चारही पायांवरनं तळवा फिरवायचा, गुडघ्याखाली मागच्या बाजूनं जी जाड शीर (टेंडन) जाते तिच्यावरनं, अगदी सावकाश. मला म्हणाला हात लावा. उजवा पुढचा पाय लावला, गार. डावा लावला, कोमट. बाहेरनं सूज दिसत नव्हती, चालत होती ठीक, फक्त कोमट. मी म्हटलं एवढंच ना. तो काही बोलला नाही, पाण्याचा पाइप लावून वीस मिनिटं त्या पायावर पाणी सोडत बसला. दुसऱ्या दिवशी मी खेळलो. संध्याकाळपर्यंत पाय केळफुलासारखा सुजला आणि घोडी अख्खा सीझन बसली.

मालक म्हणाले तुम्ही मोडली, आम्ही म्हटलं दुखणं जुनं असणार. आमच्याकडं काही पुरावा नाही, त्यांच्याकडंही नाही. शेवटी लीजची रक्कम पूर्ण गेली, डॉक्टरचा खर्च अर्धा-अर्धा. आता विचार केला तर चूक माझीच, कोमट पाय हातात असताना मी खेळलो. पण कागद नीट असता तर निदान अर्धी रक्कम तरी वाचली असती.

तर घोडा घ्यायच्या दिवशी आपल्या डॉक्टरला घेऊन जा, मालकाच्या नव्हे. चारही पायांचे जवळनं फोटो, कडक जमिनीवर दुडक्या चालीत समोरनं आणि मागनं व्हिडिओ (लंगडेपणा मऊ मातीत लपतो), जुन्या दुखण्यांची यादी मालकाच्या सहीनं. आणि कागदात एक ओळ, की घोडा अमुक आठवड्यांपेक्षा जास्त बसला तर मालक बदली घोडा देईल नाहीतर उरलेली रक्कम परत. भाड्याच्या चकरेत हे झंझट नसतं, तिथं घोडा लंगडला तर सहसा मालकाचा, तुम्ही मुद्दाम काही केलं नसेल तर. तरी चढायच्या आधी विचारून घ्या.

१०. मग विमाच काढला तर?

जनावराचा साधा विमा घोडा मेला तर पैसे देतो. लंगडा घोडा मेलेला नसतो, फक्त खात असतो. पॉलिसीत काम करायची क्षमता गेल्याचं कलम आहे का बघा, आणि पोलो हा शब्द अपवादांच्या यादीत नाही ना तेही. लीजमध्ये हप्ता कोण भरणार हे आठव्यातल्या कागदात घाला.

११. आमच्याकडं गोठा आहे, ऊस आहे, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) ढिगानं पडलंय. घोडा कोल्हापुरातच ठेवला तर खर्च निम्मा होणार ना?

करवीर-कागलकडनं हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचार चुकीचा नाही, पण म्हैस आणि घोडा यांच्या पोटात फार फरक आहे. म्हैस रवंथ करते, घोडा करत नाही, आणि त्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढंच जाणार. बुरशी आलेला कडबा म्हशीनं पचवला म्हणून घोड्याला घातला तर पोटशूळ होऊन रात्रीत घोडा जाऊ शकतो.

वाड्याची वेगळी भानगड. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि रोज तेवढंच खाऊन घोड्याची हाडं ठिसूळ होतात, आधी चालण्यात जडपणा येतो मग चेहऱ्याची हाडं फुगतात. थोडं तोंडाला चव म्हणून घातलं तर वेगळं, पण मुख्य खाणं वाडं नको. कडबा, वाळलेलं गवत, लसूणघास, आणि चंदीला भिजवलेला हरभरा, ओट्स, कोंडा. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण १० किलो खाणं लागतं आणि ३०-४० लिटर पाणी, खेळाच्या दिवशी जास्त. यातला कडबा-लसूणघास घरचा असेल तर खर्च खरंच कमी होतो, निम्मा नाही पण होतो.

न होणारी बचत म्हणजे माणूस. गड्याला सांगून घोडा बघून घेईन म्हणू नका. नववा प्रश्न परत वाचा, तो कोमट पाय तुम्हाला कोण सांगणार? शिवाय आपल्याकडचा पाऊस. जुलै-ऑगस्टला चिखलात उभा राहिला की खुराच्या तळाला सड लागते, गोठा कोरडा ठेवणं हेच तेव्हा मोठं काम. आणि मुख्य म्हणजे खेळणार कुणाशी? चार विरुद्ध चार लागतात, ते जिथं आहेत तिथंच घोडा ठेवलेला बरा. सीझन नसताना चार-सहा महिने घोडा गावाकडं मोकळा सोडायचा, नाल काढून, ही व्यवस्था मात्र झकास, आणि मालकांनाही हवी असते. त्याचे उलट पैसे मिळतात का ते विचारून बघा.

१२. ने-आण किती पडते? छोट्या हत्तीत बसेल का?

बसेल की, पण उतरेल का माहीत नाही. चेष्टा बाजूला, घोड्याला उंच बाजूंची, मॅट घातलेली, आडवे दांडे असलेली गाडी आणि सोबत ओळखीचा माणूस लागतो. कोल्हापूर-पुणे २३० किलोमीटरच्या आसपास, हायवे चांगला असला तरी मधे थांबून पाणी पाजायचं. रिकाम्या परतीच्या फेरीचे पैसे तुमच्याच डोक्यावर असतात हे आधी ठरवा, आणि दोन-तीन घोडे एकत्र गेले तर वाटून घ्या.

राज्याबाहेर, जयपूरला वगैरे न्यायचा-आणायचा तर पशुवैद्यकाचा दाखला आणि ग्लँडर्सचा (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) निगेटिव्ह रिपोर्ट तयार ठेवा. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्याला लस नाही, आणि पॉझिटिव्ह निघालेलं जनावर मारावं लागतं, म्हणून यात ओळखीपाळखीनं काम करून घ्यायचं नसतं. रिपोर्टला वेळ जातो, मॅचच्या आदल्या आठवड्यात जागे होऊ नका.

१३. आमचा वरातीचा मारवाडी घोडा आहे. तो पोलोला भाड्यानं लावता येईल का?

लई जणांनी विचारलंय. नाही. वरातीच्या घोड्याला ढोल-ताशात मान उंच करून, पाय उचलून नाचायला शिकवलेलं असतं. पोलोत पाहिजे मान खाली, दोन्ही लगाम एका डाव्या हातात, मानेला लगाम टेकला की वळणं, आणि डोळ्यासमोरनं काठी फिरली तरी न बुजणं. चांगला रेसचा घोडा सुद्धा पोलोला तयार करायला वर्ष-दोन वर्षं जातात. अकलूज, सारंगखेड्याच्या बाजारातनं देखणा घोडा आणून पुढच्या सीझनला भाड्यानं देऊ, हा धंदा डोक्यातनं काढा. वरातीतच त्याची कमाई चांगली आहे.

१४. माझं वजन ९५ किलो आहे. जास्त पैसे पडतील?

पडतील. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं. साडेचारशे किलोच्या घोड्याला ९० किलो झाले. तुम्ही ९५ आणि वर सामान, शंभरच्या पुढं. मग ५०० किलोच्या वरचा दणकट घोडा लागणार, ते थोडे असतात, आणि मालक एकाच चकरेवर थांबवेल. वजन फोनवर खरं सांगा. तिथं गेल्यावर मोतद्दार नुसतं बघून ओळखतो.

१५. मी डावखुरा आहे, वेगळा घोडा लागेल का?

नाही. पोलोत स्टिक उजव्याच हातात, डावखुऱ्यांनी सुद्धा. समोरासमोर येणाऱ्यांची टक्कर होऊ नये म्हणून.

१६. कमी पैशात शिकायचंय. कुठं वाचवू?

घोड्याच्या वरती शिकायच्या गोष्टी आणि खाली शिकायच्या गोष्टी वेगळ्या करा. स्टिकचा फटका शिकायला ७,००० ची चक्कर जाळायची गरज नाही. आम्ही मागच्या परड्यात सुताराकडनं लाकडी घोडा ठोकून घेतला, चार खांब, वर पिंप आणि जुनं खोगीर, भोवती उताराची फळी आणि नेट म्हणजे बॉल परत येतो. शेजारचे अजून हसतात. पण शंभर फटके फुकट. रायडिंग इथंच शिका, दुडकी चाल आणि दौड पक्की होईपर्यंत पोलोच्या घोड्यावर बसूच नका, नाहीतर पोलोच्या दरात रायडिंगचा क्लास होतो.

दुसरं, अरीना पोलो. छोटं बंदिस्त मैदान, ३ विरुद्ध ३, हवेचा मोठा बॉल. पळायचं अंतर कमी म्हणून घोडे कमी लागतात.

१७. दोघांनी मिळून एक घोडा घेतला तर?

चालतं, आम्ही केलंय. पण चकरा दिवसाला दोनच (चौथा प्रश्न), म्हणजे एकेकाला एक. आणि महत्त्वाच्या मॅचला दोघांनाही तोच घोडा हवा असतो, तेव्हा तारखा सीझनच्या आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. लंगडला तर कोण वर होता यावरनं मैत्री जाते, म्हणून खर्च कायम अर्धा-अर्धा, कोणीही बसलेला असो.

१८. सीझन संपता संपता तोच घोडा विकत घ्यावासा वाटला तर?

वाटणारच. आधी कागदात टाकून ठेवा की घेतलाच तर लीजची किती रक्कम किमतीतनं वजा होईल, नाहीतर तुमचं प्रेम बघून मालक भाव चढवतो. वय बघा, पोलोचा घोडा साधारण सहा ते पंधरा वर्षांत भरात असतो, त्यानंतरही खेळतात पण मग पुढच्या म्हातारपणाचा चाराही तुमचाच. आणि पुन्हा एकदा डॉक्टर आणा, तुमच्याच ताब्यात होता म्हणून सोडू नका. आमच्या त्या तपकिरी घोडीला मित्र विकत घ्यायला निघाला होता, पाय बरा झाला होता, सगळं ठरलं होतं. मोतद्दारानं आदल्या दिवशी परत तळवा फिरवला आणि याच्याकडं बघून नुसती मान हलवली.